सूचिचिकित्सा आणि वंध्यत्व: परिभाषेचा व पुराव्याचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

‘ॲक्युपंक्चरने वंध्यत्व बरे होते काय?’ हा प्रश्न अपत्यहीन दांपत्ये, त्यांचे आप्त आणि वैद्यकाचे विद्यार्थी वारंवार विचारीत असतात. त्याचे उत्तर शोधू जाणाऱ्यास परस्परविरोधी विधाने आढळतात. एका ठिकाणी या उपचाराने गर्भधारणेचे प्रमाण दीडपटीहून अधिक झाल्याचे सांगितलेले असते, तर दुसऱ्या ठिकाणी त्याचा काहीही उपयोग नसल्याचे. दोन्ही विधानांना प्रयोगांचा आधार दिलेला असतो. सामान्य वाचक अशा वेळी एका पक्षाला अप्रामाणिक ठरवून मोकळा होतो. तथापि या विरोधाचे मूळ बहुतांशी अन्यत्र आहे. प्रश्नातील ‘ॲक्युपंक्चर’, ‘वंध्यत्व’ आणि ‘बरे होणे’ या तिन्ही पदांचा अर्थ विधानागणिक पालटतो. ज्या प्रयोगांत या पदांचे अर्थ आधी काटेकोरपणे ठरविले गेले, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी बरेचसे जुळतात. हे कसे, ते या लेखात क्रमाने पाहावयाचे आहे.

२. उपचाराचे नाव

‘ॲक्युपंक्चर’ हा शब्द चिनी नव्हे. लॅटिनमधील ‘आकुस’ म्हणजे सुई आणि ‘पुंक्तुरा’ म्हणजे टोचणे, या दोहोंच्या संयोगाने तो बनला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत जपानात राहिलेला वैद्य व्हिलेम टेन राइने याचा ग्रंथ १६८३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला आणि त्यातून हा शब्द युरोपात रूढ झाला. मूळ चिनी संज्ञा ‘झेन्-ज्यू’ अशी आहे. तिच्यातील ‘झेन्’ म्हणजे सुई आणि ‘ज्यू’ म्हणजे दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीची वाळवलेली पाने जाळून शरीराच्या विशिष्ट स्थानांना दिलेला शेक. चिनी ग्रंथकारांच्या दृष्टीने ही एकाच विद्येची दोन अंगे होत. लॅटिन नावाने त्यांपैकी एक अंग उचलले आणि दुसरे गळाले.

पुढील संज्ञांच्या बाबतीतही असेच घडले. ज्या स्थानी सुई टोचावयाची त्याला चिनी भाषेत ‘श्युए’, म्हणजे विवर किंवा गुहा, म्हणतात. युरोपीय भाषांनी त्याचा ‘बिंदू’ केला. विवराला खोली असते, बिंदूला नसते. ज्या मार्गांवर ही स्थाने वसली आहेत असे मानतात त्यांचे नाव ‘जिंग’. या शब्दाचा मूळ अर्थ मागावरील उभा धागा, म्हणजे ताणा, असा असून त्यावरून तो प्रमाणग्रंथासही लावला गेला. बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे करणाऱ्यांनी ‘सूत्र’ या संस्कृत शब्दासाठी हाच ‘जिंग’ योजला. दोन्ही भाषांत धागा आणि ग्रंथ हे अर्थ एकाच शब्दात नांदत होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज सूल्ये द मोराँ याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेल्या लेखनामुळे या शब्दाला ‘मेरिडियन’, म्हणजे भूगोलातील रेखावृत्त, हा प्रतिशब्द स्थिरावला. विणलेल्या वस्त्राची प्रतिमा जाऊन नकाशाची प्रतिमा आली, आणि शरीरावरील या रेषा कोणी मोजून काढल्या असाव्यात असा भास वाचकाच्या मनात निर्माण झाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यांतील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण ‘रेन्-माइ’ या वाहिनीचे आहे. शरीराच्या पुढील बाजूने मध्यरेषेवरून जाणाऱ्या या मार्गाला इंग्रजी पुस्तकांत ‘गर्भधारणावाहिनी’ अशा अर्थाचे नाव दिलेले असते. ‘रेन्’ या शब्दाचा सर्वसामान्य अर्थ भार घेणे, वाहणे, सांभाळणे असा आहे. गर्भिणीवाचक एका चिनी शब्दाशी त्याचे नाते असल्यामुळे हे भाषांतर सर्वस्वी निराधार नाही. प्राचीन ‘हुआंग-दी नेइ-जिंग’ या ग्रंथाच्या प्रथमाध्यायातही, स्त्रीच्या चौदाव्या वर्षी ही वाहिनी मोकळी होते, म्हणून ऋतुप्राप्ती होते आणि तिला मूल होऊ शकते, तर एकोणपन्नासाव्या वर्षी ती रिक्त होते, असा आशय आला आहे. परंतु त्या वाहिनीवरील स्थाने पोटदुखी, मूत्रविकार, खोकला, अशक्तता इत्यादी अनेक तक्रारींसाठीही सांगितलेली आहेत. इंग्रजी नावाने अनेक अर्थांतील एक निवडून तो फलकावर लिहिला, आणि आजचा रोगी तो फलक वाचून ही वाहिनी मुळी संततीसाठीच आहे असे समजतो.

३. रोगाचे नाव

वैद्यकात वंध्यत्वाची व्याख्या कालमानावर आधारलेली आहे. गर्भनिरोधाचा उपाय न योजता बारा महिने वा अधिक काळ नियमित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा न होणे म्हणजे वंध्यत्व. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे अंदाजे सहापैकी एक व्यक्ती, आयुष्यात केव्हा तरी या स्थितीतून जाते. ही व्याख्या कारण सांगत नाही. बीजवाहिन्या बंद असणे, अंडविमोचन न होणे, शुक्रजंतू अल्प असणे, वय वाढलेले असणे किंवा कोणतेही कारण न सापडणे, या सर्व अवस्था तिच्यात एकत्र येतात. सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील कारणाचा पूर्णतः वा अंशतः वाटा असतो.

भाषांनी मात्र या स्थितीचा भार प्रायः स्त्रीवर टाकलेला आहे. संस्कृतात ‘वंध्य’ हे विशेषण निष्फळ या अर्थाने कोणत्याही लिंगी चालते. परंतु व्यक्तीला उद्देशून रूढ झाले ते ‘वंध्या’ हे स्त्रीलिंगी रूप. अशक्यतेचे उदाहरण म्हणून दार्शनिकांनी वापरलेला ‘वंध्यापुत्र’ हा शब्दही स्त्रीलाच मध्ये घेऊन उभा आहे. मराठीत ‘वांझ’ हा शब्द स्त्रीला, गाईला, जमिनीला लागतो आणि निष्फळ चर्चेलाही ‘वांझोटी’ म्हणतात. पुरुषासाठी त्या तोडीचा शब्द नाही. ‘निपुत्रिक’ हा केवळ परिस्थिती सांगतो, आणि ‘नपुंसक’ हा भिन्न अवस्थेचा वाचक असूनही याच अर्थी चुकीने योजला जातो. आधुनिक चिनी भाषेत स्त्रीच्या बाबतीत ‘बू-युन्’, म्हणजे गर्भ न राहणे, आणि पुरुषाच्या बाबतीत ‘बू-यू’, म्हणजे संतती न होणे, असा भेद करण्याचा प्रघात आहे. ज्या भाषेत पुरुषाकडील दोषाला नावच नाही, तेथे पहिली तपासणी स्त्रीची होते आणि पहिली सुईही तिलाच टोचली जाते. ही केवळ शब्दांची गोष्ट नव्हे. पतीची साधी वीर्यतपासणी न करता पत्नीवर महिनोन्‌महिने उपचार चालू राहण्याचे एक कारण यात आहे.

प्राचीन चिनी ग्रंथांतील रोगनामांचे आधुनिक रोगनामांशी समीकरण मांडतानाही असाच घोटाळा होतो. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी याने रचलेल्या ‘झेन्-ज्यू ज्या-यी जिंग’ या ग्रंथात स्त्रीरोगांच्या प्रकरणात ‘ज्युए-झ’, म्हणजे संतती खुंटणे, अशी संज्ञा येते. शरीरात साकळलेले रक्त खाली उतरत नाही अशा अवस्थेसह तिचा उल्लेख असून नाभीखाली चार बोटांवरील ‘क्वान्-युआन्’ या स्थानी उपचार सांगितला आहे. आजच्या पुस्तकांत याच आधारावर ‘क्वान्-युआन्: वंध्यत्वावर उपयुक्त’ असे थोडक्यात लिहिलेले आढळते. मूळ ग्रंथकाराने एका विशिष्ट लक्षणसमुच्चयाविषयी लिहिले होते. बारा महिन्यांच्या व्याख्येत बसणारे, कोणत्याही कारणाने अपत्यहीन असलेले दांपत्य त्याच्या दृष्टीपुढे नव्हते. नाव जुळले म्हणून रोग जुळला असे होत नाही.

४. फलाचे नाव

‘गुण आला’ म्हणजे नेमके काय झाले? मराठीत ‘दिवस जाणे’ आणि ‘कूस उजवणे’ यांत फरक आहे. पहिल्यात आरंभ आहे, दुसऱ्यात कृतार्थता. वैद्यकीय संशोधनात हीच शिडी अधिक पायऱ्यांची आहे: गर्भाशयाच्या रक्तप्रवाहात सुधारणा, रक्ताच्या तपासणीत गर्भाची चाहूल, ध्वनिचित्रात दिसणारी गर्भधारणा, काही आठवडे टिकलेली गर्भधारणा, आणि अखेरीस जिवंत अपत्याचा जन्म. प्रत्येक पायरीवर काही गर्भ गळतात. म्हणून खालच्या पायरीवरील यश वरच्या पायरीचे यश ठरत नाही.

स्वीडनमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा स्त्रियांवर विद्युत्प्रवाहयुक्त सूचिचिकित्सा केल्यानंतर गर्भाशयाच्या रोहिणीतील रक्तप्रवाहाचा अवरोध घटल्याचे आढळले. ही शिडीची अगदी खालची पायरी होती. संतती हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता, आणि तुलनेसाठी निराळा गटही नव्हता. तरीही ‘गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो, म्हणून मूल होते’ असा युक्तिवाद पुढे कित्येक ठिकाणी याच अभ्यासाच्या आधारे केला गेला.

५. प्रयोगांची साक्ष

बाह्य फलनाची पद्धत, म्हणजे आय.व्ही.एफ., इंग्लंडमध्ये १९७८ साली प्रथम फलद्रूप झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी १९८६ साली या पद्धतीने बालक जन्माला आले. सूचिचिकित्सेच्या परीक्षणाला या पद्धतीने एक सोयीचे क्षेत्र उपलब्ध करून दिले. कारण तीत गर्भ गर्भाशयात ठेवण्याचा दिवस निश्चित ठाऊक असतो आणि फलही ठराविक काळात कळते.

२००२ साली जर्मनीतील वोल्फगांग पाउलुस व सहकाऱ्यांनी १६० स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या स्त्रियांना गर्भरोपणाच्या आधी व नंतर प्रत्येकी २५ मिनिटे सूचिचिकित्सा दिली, उरलेल्यांना दिली नाही. गर्भधारणेचे प्रमाण पहिल्या गटात ४२.५ टक्के, तर दुसऱ्या गटात २६.३ टक्के निघाले. आजही या उपचाराच्या जाहिरातींत जी मोठी आकडेवारी दिसते तिचा उगम बहुधा येथे असतो. या प्रयोगात गर्भरोपणानंतर टोचलेल्या स्थानांत घोट्याच्या आतील बाजूवर चार बोटांवरील ‘सान्-यिन्-ज्याव’ आणि हाताचा अंगठा व तर्जनी यांमधील ‘ह-गू’ ही स्थाने होती. पारंपरिक ग्रंथांत हीच स्थाने गर्भिणीस वर्ज्य सांगितली आहेत. तेव्हा या प्रयोगाने परंपरेची कसोटी लागली असे म्हणणेही कठीण आहे. परंपरेचे नाव घेऊन रचलेल्या एका नव्या विधीची ती कसोटी होती.

याहून मोठी अडचण तुलनेची होती. दुसऱ्या गटातील स्त्रियांना आपणास उपचार मिळालेला नाही हे ठाऊक होते. उपचाराची अपेक्षा, विसावा आणि लक्ष पुरविले जाणे यांचा परिणाम सुईच्या परिणामाहून वेगळा काढावयाचा, तर दोन्ही गटांना आपल्यावर उपचार होत आहे असे वाटले पाहिजे. १९९८ साली हायडेलबर्ग येथील कोनराड श्ट्राइटबेर्गर व सहकाऱ्याने यासाठी एक बोथट सुई वापरात आणली. नाटकातील खंजिराप्रमाणे ती त्वचेला स्पर्श होताच आपल्या मुठीत सरकते, पण पाहणाऱ्याला व टोचून घेणाऱ्याला ती आत गेल्यासारखी वाटते. हाँगकाँगमध्ये अशी आभासी सुई वापरून ३७० स्त्रियांवर केलेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकंदर गर्भधारणेचे प्रमाण खऱ्या सुईच्या गटात ४३.८ टक्के आणि आभासी सुईच्या गटात ५५.१ टक्के आले. जिवंत जन्मांच्या बाबतीत दोन गटांतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता.

दरम्यान २००८ साली एरिक मॅनहायमर व सहकाऱ्यांनी सात प्रयोगांतील १,३६६ स्त्रियांची माहिती एकत्र करून गर्भधारणा व जिवंत जन्म या दोहोंच्या बाबतीत उपचार अनुकूल ठरल्याचा निष्कर्ष मांडला होता. परंतु ज्या प्रयोगांत तुलनेच्या गटातच गर्भधारणेचे प्रमाण मुळात अधिक होते, त्यांपुरते पाहिले असता हा लाभ लक्षणीय राहिला नाही, हेही त्याच परीक्षणात नोंदले होते. २०१३ साली कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणात वीस प्रयोगांचा विचार झाला. बीजांड काढण्याच्या वेळी किंवा गर्भरोपणाच्या वेळी दिलेल्या सूचिचिकित्सेने जिवंत जन्मांचे प्रमाण वाढते असा पुरावा त्यात आढळला नाही.

त्यानंतरचे दोन मोठे प्रयोग अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिला २०१७ सालचा, चीनमधील १,००० स्त्रियांवरील. या स्त्रियांना पीसीओएस या नावाने परिचित असलेला अंडाशयाचा विकार होता. त्यांचे चार गट पाडून क्लोमिफेन हे औषध किंवा त्याची निष्क्रिय गोळी, आणि खरी किंवा आभासी सूचिचिकित्सा, अशा चार जोड्या दिल्या. जिवंत जन्मांचे प्रमाण पुढीलप्रमाणे आले: औषध व खरी सुई २९.४ टक्के, औषध व आभासी सुई २८.० टक्के, निष्क्रिय गोळी व खरी सुई १३.९ टक्के; निष्क्रिय गोळी व आभासी सुई १६.८ टक्के. औषधाने प्रमाण जवळजवळ दुप्पट केले. सुई खरी की आभासी, याने फरक पडला नाही. हा प्रयोग सूचिचिकित्सेच्या जन्मभूमीत झाला, आणि एकाच प्रयोगात एका उपचाराचा गुण स्पष्ट दिसत असता दुसऱ्याचा दिसला नाही. प्रयोगाची पद्धतच लाभ टिपण्यास असमर्थ होती, हा आक्षेप त्यामुळे येथे टिकत नाही.

दुसरा प्रयोग २०१८ सालचा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील. कॅरोलिन स्मिथ व सहकाऱ्यांनी आय.व्ही.एफ. घेणाऱ्या ८४८ स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली. जिवंत जन्मांचे प्रमाण सूचिचिकित्सेच्या गटात १८.३ टक्के, तर आभासी उपचाराच्या गटात १७.८ टक्के आले. अर्ध्या टक्क्याचा हा फरक योगायोगाहून निराळा मानता येत नाही.

६. दोन आक्षेप

या निष्कर्षांवर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते विचारार्ह आहेत. पहिला असा, की आभासी सुईही पूर्णपणे निष्क्रिय नसते. त्वचेला झालेला स्पर्शही काही परिणाम करीत असेल, आणि म्हणून दोन्ही गट सारखेच लाभले असतील. हे शक्य आहे. परंतु हा आक्षेप मान्य केला, तर विशिष्ट स्थान, विशिष्ट खोली आणि विशिष्ट वाहिनी यांविषयीचा सारा सिद्धान्त निरुपयोगी ठरतो. कारण २०१८ च्या प्रयोगात आभासी उपचार मूळ स्थानांपासून दूर केला होता. आक्षेप सुईला वाचवितो, पण शास्त्राला वाचवीत नाही.

दुसरा आक्षेप असा, की परंपरेत प्रत्येक रोग्याची प्रकृती पाहून दीर्घकाळ उपचार केला जातो, तर प्रयोगांत तीन-चार बैठकींचा साचेबंद विधी असतो. आय.व्ही.एफ.च्या प्रयोगांबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. २०१७ च्या चिनी प्रयोगात मात्र उपचार कित्येक आठवडे चालला होता. दीर्घ व व्यक्तिनिष्ठ उपचार गुणकारी असेल, तर तसे दाखविणारा प्रयोग करता येईल. तोवर ही एक शक्यता आहे. न झालेल्या परीक्षेचा निकाल उत्तीर्ण असा धरता येत नाही.

उपचाराच्या काळात मन शांत झाले, काळजी हलकी झाली, असे अनेक स्त्रिया सांगतात आणि त्यांचे म्हणणे खोटे मानण्याचे कारण नाही. निर्जंतुक, एकदाच वापरावयाच्या सुया असतील आणि प्रशिक्षित हात असेल, तर धोकाही अल्प आहे. ज्या स्त्रीला या विश्रांतीसाठीच उपचार हवा असेल तिने तो घ्यावा. परंतु त्याला ‘वंध्यत्वावरील उपचार’ हे नाव देता येणार नाही. त्याचे योग्य नाव ‘सांत्वन’ किंवा ‘विश्राम’ असे आहे, आणि ही नावे हलकी नाहीत.

७. ‘मान्यता’ या शब्दाविषयी

भारताशी या विद्येचा संबंध एका मराठी स्मृतीला स्पर्श करून जातो. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते; ते १९४२ साली तेथेच निवर्तले. त्यांचे पथकातील सहकारी डॉ. बिजय कुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून घेतली आणि कलकत्त्यात तिचा प्रसार केला. महाराष्ट्रात या पद्धतीच्या व्यवसायाचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा २०१५ चा आहे.

अशा कायद्यामुळे ‘शासनमान्य उपचार’ हा शब्दप्रयोग प्रचारात येतो, आणि येथे परिभाषेची आणखी एक गफलत होते. व्यवसायाला मिळालेली मान्यता म्हणजे तो कोणी, किती शिक्षणानंतर व कोणत्या नियमांखाली करावा यासंबंधीची व्यवस्था. अमुक रोगावर तो गुणकारी आहे, असा निर्णय तीत अंतर्भूत नसतो. पहिली मान्यता विधिमंडळ देऊ शकते. दुसरी केवळ पुरावा देऊ शकतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. ‘सूचिचिकित्सा’ म्हणजे विशिष्ट स्थानी सुई टोचणे, ‘वंध्यत्व’ म्हणजे वैद्यकीय व्याख्येतील अवस्था, आणि ‘गुण’ म्हणजे जिवंत अपत्याचा जन्म, असे अर्थ स्थिर करून आभासी उपचाराशी तुलना केली असता, मोठ्या प्रयोगांत या उपचाराचा लाभ दिसून आलेला नाही. लाभ दाखविणाऱ्या बहुतेक विधानांत यांपैकी एखाद्या पदाचा अर्थ सैल झालेला असतो: कोठे जन्माऐवजी रक्तप्रवाह मोजलेला, कोठे तुलनेचा गट उपचाराविना ठेवलेला, कोठे प्राचीन लक्षणनामाला आधुनिक रोगनाम चिकटविलेले.

ही छाननी केवळ पांडित्याची नाही. पस्तिशीनंतर स्त्रीची प्रजननक्षमता वेगाने उतरते. त्या वयात एका उपचारावर घालविलेले वर्ष परत मिळत नाही, आणि बंद बीजवाहिनी किंवा पुरुषाकडील दोष यांचे निदान तेवढे लांबते. म्हणून अशा उपचाराची शिफारस कानी आली असता दांपत्याने, आणि त्यांना सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने, चार प्रश्न विचारावेत: दोघांचीही तपासणी झाली आहे काय? कारण कोणते निघाले? सांगितलेले यश गर्भधारणेचे की जन्माचे? आणि ते कोणाशी तुलना करून मोजले? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर उपचार घ्यावा की घेऊ नये हा निर्णय त्या दांपत्याचाच आहे. तो त्यांनी शब्दांचे अर्थ माहीत असताना घ्यावा, एवढीच अपेक्षा.